जज अप्पा आणि त्यांचे सायलसपंत

आयुष्यात कधी कोर्टाची पायरी न चढलेले एक जज आमच्या दूधविनायकच्या गलीत राहत असत. नवख्या माणसानं "जजसाहब कहाँ रहते हैं?" म्हणून विचारलं की पानवाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळे एकाच जिन्याकडे बोट दाखवत. वर गेलं की काय दिसायचं? धोतरावर स्वेटर आणि डोक्याला कानटोपी असा एक म्हातारा खिडकीत बसून चणे सोलतोय! एक जण तर खरोखरच बगलेत फाइल मारून आला होता. अप्पांनी त्याला चहा पाजला, त्याचं सगळं रामायण ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "भय्या, मैं तो इतिहास का मास्टर हूँ. लेकिन केस आपका कमजोर है."

अप्पा काशीचेच. त्यांचे आजोबा-पणजोबा इथेच वाढले, म्हणजे आमच्यासारखेच, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर बनारसी. तरुणपणी विद्यापीठात शिकत असताना सरांनी त्यांना प्रबंधाला विषय दिला तो अमेरिकेतल्या एका माणसाचा. अमेरिका नुकती स्वतंत्र झाली होती त्या काळातला हा माणूस. आधी वकील, मग न्यायाधीश, मग राजकारणी. हाच विषय का, तर परदेशातून लायब्ररीला पुस्तकांची एक पेटी भेट आली होती आणि ती कोणी उघडतच नव्हतं. अप्पांनी उघडली. प्रबंध काही पुरा झाला नाही. सर रिटायर झाले, अप्पा एका इंटर कॉलेजात शिकवायला लागले, लग्न राहून गेलं. पण सायलस नावाचा तो परका माणूस एकदा जो त्यांच्याकडे राहायला आला तो आलाच. अप्पा त्याला सायलसपंत म्हणायचे. "आमच्या सायलसपंतांना थंडी सोसत नसे हो," असं ते अशा काही मायेनं सांगायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं, कोणी मावसभाऊच असेल.

मी रेल्वेच्या आरक्षण कार्यालयात नोकरी केली, म्हणून त्यांच्या लेखी मी 'रेल्वेबाई'. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे. थंडीत दुपारची पाळी नसली की मी स्वेटर विणायला घेऊन रामघाटावर जाऊन बसे, कारण आमच्या गलीत ऊन येतं ते फक्त ऐकीव. अप्पा तिथे आधीच असत. त्यांच्याभोवती दोन-चार रिटायर मंडळी, नाव बांधून बसलेला छेदी मल्लाह, कधी अंगावर झूल घातलेली एखादी बकरी. आणि कथा चालू. सायलसपंत शेतकऱ्याच्या पोटी जन्मले, शाळा अशी फार नाहीच. एका वकिलाच्या कचेरीत झाडलोट करायची, कागद नकलून काढायचे आणि नकलता नकलता कायदा शिकायचा, असे ते वकील झाले. मग घोड्यावर बसून गावोगाव हिंडायचं, कारण तिथली कोर्टं फिरती. जज पुढे, वकील मागे, रानातून, चिखलातून. सरायांमध्ये खाटा कमी, त्यामुळे दिवसा कोर्टात एकमेकांवर तुटून पडलेले दोन वकील रात्री एकाच खाटेवर, एकाच पांघरुणात.

"अब कहो," अप्पा छेदीला म्हणायचे, "जिसके साथ रजाई बाँटनी है, उसको कितनी गाली दोगे?"

"कम देब, गुरु," छेदी म्हणायचा.

थंडीतलं आमच्या गंगेचं रूप ज्यांनी पाहिलं नाही त्यांना कसं सांगू? दुपार झाली तरी धुकं पुरतं उठत नाही. पलीकडची रेती दिसत नाही, पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं कळत नाही, आणि मधूनच एखादी नाव कोणी वल्हवत नसल्यासारखी सरकत जाते. अशा वेळी अप्पांचा तो खालच्या पट्टीतला आवाज ऐकत बसलं की मला खरंच वाटायचं, पलीकडच्या पांढऱ्यातून आता घोड्याच्या टापा ऐकू येणार. माझ्या सुया थांबायच्या. किती टाके मी त्या अमेरिकेत सोडले असतील! माझ्या नवऱ्याच्या निळ्या स्वेटरची एक बाही अजून लांब आहे, ती सायलसपंत निवडणूक हरले त्या दुपारची.

अप्पांचं एक लाडकं म्हणणं होतं. ते म्हणायचे, "सगळ्या गावांना नदीचे दोन काठ असतात, आपल्या काशीला एकच. समोर नुसती रेती. म्हणून आपल्याला दुसरी बाजू बघायची सवयच नाही." आणि ती सवय लावायची त्यांची एक जगावेगळी रीत होती. गलीत भांडण झालं की ते खाली उतरायचे आणि दोघांना सांगायचे, आता तू याची वकिली कर आणि हा तुझी करील. एकदा एका स्कूटरवाल्यानं भाजीवालीची टोपली उडवली. मटार सगळ्या गलीभर. शिव्या अशा की कान किटले. अप्पांनी स्कूटरवाल्याला म्हटलं, "तुम इनकी तरफ से बोलो." तो आधी हसला, मग चिडला, मग लोक जमले म्हणून बोलायला लागला: मी पहाटे उठून मंडीत गेले, डोक्यावर ओझं घेऊन आले, आणि हा आंधळा... इथे तो जो अडखळला, तो खाली बसून मटारच गोळा करायला लागला. भाजीवालीनं मात्र त्याची वकिली करायला साफ नकार दिला. "हमसे ई पाप न होई," म्हणाली. अप्पांना ते फार आवडलं होतं. आठवडाभर सांगत होते.

पण कमाल केली ती पितृपक्षात. पंचगंगा घाटावर अप्पा दर वर्षी तर्पण करत. आईवडील झाले, आजोबा-पणजोबा झाले, गुरू झाले, आणि मग अप्पा शेजारच्या तरुण गुरुजींना म्हणाले, "आता सायलस." गुरुजी पाठशाळेतून नवेच बाहेर पडलेले. त्यांना वाटलं म्हाताऱ्याला बोलताना धाप लागली. मग कळलं तेव्हा ते बिचारे घाबरले. म्हणाले, "अप्पा, ते तर ख्रिश्चन होते ना?"

"होते. पण त्यांचं कोणी मागे नाही. मूलबाळ नाही."

"आणि गोत्र?"

"गोत्र माहीत नसलं तर काय म्हणतात, तुम्हीच शिकलाय."

गुरुजींनी पाण्यात तीळ टाकले. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणायचं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. तेव्हापासून काश्यपगोत्री सायलसपंतांना दर वर्षी गंगेचं तिलोदक मिळायला लागलं. एकदा दोन अमेरिकन पोरं घाटावर फोटो काढत होती, अप्पांनी त्यांना गाठून आपल्या शाळामास्तरी इंग्रजीत सायलसपंतांची अर्धी कथा ऐकवली. पोरांनी हे नावही कधी ऐकलेलं नव्हतं. त्यातल्या मुलीनं मोठ्या अदबीनं विचारलं, हे तुमचे कोणी नातेवाईक का? अप्पा खुशीनं लाल झाले. त्यांनी नाही म्हटलं नाही, हे मी या कानांनी ऐकलं.

एक मात्र होतं. कथा नेहमी एकाच जागी थांबायची. सायलसपंत न्यायाधीश झाले, नदीकाठच्या गावात त्यांचं कोर्ट भरायला लागलं, एका हिवाळ्यात एक बाई नदी ओलांडून आली, इथपर्यंत आलं की अप्पा चण्यांची टरफलं झटकून उठायचे. "बाकी फिर कभी." पुन्हा दुसऱ्या दिवशी कथा थेट निवडणुकीवर. मी एकदा टोकलंही, "अप्पा, त्या बाईचं काय झालं?" तर म्हणाले, "रेल्वेबाई, तुमची बाही लांब होतेय."

आता वसुधाचं सांगायला हवं, त्याशिवाय अप्पा पुरे होत नाहीत.

आमच्या गलीत एक लहानसं गणपतीचं देऊळ आहे, दोन घरांच्या मालकीचं. एक घर अप्पांचं, म्हणजे आता त्यांच्या पुतण्याचं, मुकुंदाचं. दुसरं वसुधाच्या वडिलांचं. सेवा एक वर्ष या घराकडे, एक वर्ष त्या घराकडे. माघातल्या गणेशजयंतीला सेवा बदलते. त्या दिवशी नवा सेवेकरी पूजा करतो आणि पहिलं तीर्थ दुसऱ्या घरातल्या सगळ्यात वडील माणसानं घ्यायचं. त्यानं हात पुढे केला की वर्ष मंजूर. कागद नाही, सही नाही, पिढ्यान् पिढ्या हे असंच चाललंय.

वसुधा माझ्या वयाची, शाळेत गाणं शिकवायची, लग्न केलं नाही. भाऊ नाही. वडिलांचे हात कापायला लागले तेव्हापासून देवळाचं दार पूजेच्या वेळी अर्धं लोटलेलं असे. आतून मंत्र वडिलांच्या आवाजात, पण अभिषेकाची धार वसुधाच्या हातची. सगळ्या गलीला ठाऊक होतं आणि सगळी गली समोरून जाताना खाली बघून नमस्कार करायची. फार गोड दिसायचं ते, अर्ध्या दारातून नुसता बांगडी घातलेला हात आणि तो म्हातारा, थकलेला आवाज. गेल्या पावसाळ्यात वडील गेले, तो आवाज थांबला. आणि पुढच्या माघात सेवा नेमकी त्यांच्याच घराकडे येत होती.

वसुधानं सांगून टाकलं, सेवा मी करणार. दार उघडं ठेवून करणार.

झालं! गलीत जी कुजबुज सुरू झाली म्हणता! वहिवाट मुलग्यांची, मुलगा नाही तर सेवा दुसऱ्या घराकडे, म्हणजे कायमची मुकुंदाकडे. एका शहाण्यानं बाईच्या अडचणीच्या दिवसांचं काढलं. वसुधा भर गलीत म्हणाली, "माझं ते केव्हाच संपलं काका, तुमच्या बीपीच्या गोळ्यांच्या आधी." मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण मुकुंद वाईट माणूस नव्हे, हेही सांगते. भिक्षुकी करतो, यात्रेकरूंना घरी उतरवतो, अप्पांचं जेवणखाण, दवापाणी त्याच्याच घरी. त्याचं म्हणणं एवढंच की आज वसुधाताई करील, उद्या तिच्यामागे कोण? माझ्या आजोबांनी जपलेली गोष्ट माझ्या हातून मोडली असं नको. दोघं शेवटी अप्पांकडे आले. मीही होते, वसुधानं मला ओढून नेलं होतं.

अप्पा म्हणाले, "माझ्याच घरचा खटला. मी कसा बसू?"

"तुम्हीच बसा," वसुधा म्हणाली. "तुम्ही नाही म्हणालात तर देवळाची आमच्याकडची किल्ली मी उद्याच देऊन टाकते. शब्द आहे माझा."

मुकुंद म्हणाला, "मलाही कबूल, काका."

अप्पांनी खिडकीबाहेर बघितलं. मग तीच आपली रीत. वसुधाला म्हणाले, तू मुकुंदाची बाजू मांड. आणि वसुधानं मांडली हो! मुकुंदाला जमलं नसतं इतकी छान मांडली. आजोबांनी दंगलीच्या दिवसांत कर्फ्यूतसुद्धा छपरांवरून जाऊन दिवा कसा लावला, मुकुंदाचा मुलगा पाठशाळेत किती मनापासून शिकतोय, रीत एकदा वाकली की तिला कोणीही वाकवतं... आणि ते सगळं तिला खरंच वाटत होतं. मग अप्पा म्हणाले, "मुकुंदा, आता तू हिची."

मुकुंद उठून उभा राहिला. "हिनं..." म्हणाला. "हिनं इतकी वर्षं केलंच आहे." आणि खाली बसला.  कपाळावरचा घाम तेवढा पुसला.

दोघांनी अप्पांकडे पाहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांची भांडणं चुटकीसरशी मिटवणारे अप्पा त्या दिवशी "उद्या," एवढंच म्हणाले. उद्याच गणेशजयंती होती. मला रागच आला, खोटं कशाला बोलू. ऐन वेळी कच खाल्ली म्हाताऱ्यानं, असं मनात आलं.

त्याच दुपारी ते घाटावर भेटले. छेदीला म्हणाले नाव काढ, मला म्हणाले बसा. धुकं इतकं दाट की चार वल्ह्यांत घाट दिसेनासा झाला. नुसतं पाण्याचं चुबुक चुबुक. छेदीनं वल्ही वर घेतली आणि नाव आपली आपण वाहायला लागली. कुठे आहोत तेच कळेना. मग अप्पा बोलायला लागले.

ती बाई गुलाम होती. नदी ओलांडून आली होती, कारण नदीच्या या काठी गुलामगिरी नव्हती. मागोमाग मालक आला, कागद घेऊन. सायलसपंतांना गुलामगिरीची चीड. तरुणपणी तिच्याविरुद्ध भाषणं केलेली. पण कायदा मालकाच्या बाजूचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, निकाल फार सुंदर भाषेत दिला. मला वाईट वाटतं, पण माझे हात बांधलेले आहेत, असा. आणि बाईला परत पाठवलं.

"ती परत जाणारी नाव त्यांनी कोर्टाच्या खिडकीतून पाहिली," अप्पा म्हणाले. "लोकांनी वाहवा केली. काय निःपक्षपाती माणूस! पुढची निवडणूक त्याच नावावर लढले. इतकी वर्षं मी हे कोणाला सांगितलं नाही, रेल्वेबाई. तुम्ही त्यांना वाईट म्हणाल म्हणून."

"वाईटच केलं त्यांनी," मी म्हटलं. मला रडू येत होतं, कोण कुठल्या त्या बाईसाठी.

"हो. वाईटच केलं."

"मग त्यांना पाणी कशाला देता?"

"चांगल्या माणसाला कोणीही देईल हो," ते म्हणाले.   मग अप्पा अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "मला भीती वाटते. मी मुकुंदाच्या घरची पोळी खातो. त्याच्या बापानं मला सांभाळलं, आता तो सांभाळतोय. या वयात मी कुठे जाऊ?"

 मी त्यांच्या पायांवर माझी शाल टाकली. छेदीनं नाव वळवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाचं दार सताड उघडं होतं. आत वसुधा, हिरवी नऊवारी नेसून, एकटी. मंत्रही तिचाच आणि धारही तिचीच. आवाज आधी जरा कापत होता, मग लागला. बाहेर सगळी गली उभी, पण दारापासून हात राखून. आरती झाली. वसुधा तीर्थाची पळी घेऊन उंबऱ्यात आली आणि तिथे थांबली. कोणी पुढे होईना. मुकुंद आलाच नव्हता. अप्पांचा पत्ता नव्हता. मी मनात गणपतीला काय काय म्हणत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग गलीच्या तोंडाशी, धुक्यात, कोणी तरी येताना दिसलं. गंगेवर स्नान करून अप्पा तसेच आले होते, ओल्या धोतरानं, उघड्या अंगानं, त्या मरणाच्या थंडीत. लोक बाजूला झाले. ते उंबऱ्याशी आले आणि त्यांनी उजवा हात पुढे केला, अंगठा आत दुमडून, तळवा खोलगट करून. वसुधानं तीर्थ घातलं. अप्पांनी ते प्यायलं, हात डोळ्यांना लावला, डोक्यावरून फिरवला. "आणखी दे," म्हणाले, आणि कमरेला खोवलेलं एक फुलपात्र काढून तिच्यापुढे धरलं. ते भरून घेतलं. मागे रांग लागली, ढकलाढकली सुरू झाली, आमच्या लोकांचं असंच असतं. वसुधा हसत होती की रडत होती, दोन्ही करत होती बहुतेक.

मला त्याच दुपारच्या गाडीनं पुण्याला जायचं होतं, लेकीच्या बाळंतपणासाठी. परत आले तेव्हा वैशाख लागला होता आणि अप्पा नव्हते. चैत्रात झोपेतच गेले म्हणे, मुकुंदाच्या घरी, आपल्या खिडकीजवळच्या खाटेवर. म्हणून त्या सकाळचे अप्पा हेच माझे शेवटचे.

तीर्थ घेऊन मी घराकडे वळले तर ते पुढे चालले होते. एका हातात फुलपात्र, दुसऱ्या हाताचं त्यावर झाकण. मधे एक सांड आडवा बसलेला, मागून मोटारसायकलचा भोंगा, पण पाणी सांडू दिलं नाही. मुकुंदाच्या दारापाशी थांबले. दार बंद होतं. त्यांनी हाक मारली नाही, कडी वाजवली नाही. थंडीनं पाठ नुसती थरथरत होती. मी हाक मारणार होते, पण मारली नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग आतून अडसर निघाल्याचा आवाज आला. मुकुंद दारात उभा राहिला, डोळे लाल. त्यानं अप्पांकडे बघितलं नाही. मान भिंतीकडेच वळवून ठेवली, आणि हात पुढे केला.